नरसिंहाच्या मुखवट्यातला निळा स्कर्ट

प्रिय दादा,

मी तुमच्यावर जाम चिडलेय. गेलेल्या माणसावर चिडू नये हे मला कळतं. पण बाकीचं सगळं तुम्ही कसं नीट आवरून गेलात! विळे धार लावून खुंटीला, बियाण्याची कणगी लिंपून, आईच्या चष्म्याची मोडकी काडीसुद्धा बसवून. आणि तुमचं ते एक खोटं तेवढं उघड्यावर टाकून गेलात. ते आता ज्याच्या त्याच्या पायात येतंय. म्हणून लिहायला बसले.

शनिवारी तुमचं वर्षश्राद्ध झालं. टोकावड्याची आत्या आली होती, किन्हवलीचे मामा आले होते, मी वाशिंदहून रजा टाकून आले होते. जेवणं झाली, पाहुणे ओटीवर सुपारी कातरत बसले, आणि आपल्या मधूला भाषण सुचलं. मुरबाडच्या कारखान्यात सुपरवायझर झाल्यापासून तुमचा हा धाकटा मुलगा घरातही सुपरवायझरच असतो. त्याने समूला सगळ्यांच्या मध्ये उभं केलं. स्वतःच्या मुलीला! दहावीला गणित-विज्ञानात शाळेत पहिली आलेली तुमची नात, तिला तुमच्या फोटोसमोर उभं करून म्हणतो कसा,

"तुजा आजा काय सांगायचा, माहीत हाय ना? माजी नंदा दहावीला गेली, त्या दिवसापासून तिनं मातीला, रंगाला हात लावला नाय. नाद सोडला म्हणून शिकली. आज लोकांना पाय करून देते. आनि तू? राक्षसिणींची तोंडं करत बसतेस!"

पाहुण्यांनी माना डोलावल्या. आत्याने तर पदर डोळ्यांना लावला.

"मधू, हे खरं नाहीये," मी म्हटलं.

"ताई, तू गप. आज दादाचा दिवस हाय."

तुमचा दिवस! ज्या नंदाची गोष्ट चाललीय ती नंदा समोर बसून सांगतेय की असं काही झालंच नाही, आणि गप्प कुणाला करतात? तिलाच! का, तर दादा असं म्हणायचे. दादा, जिवंतपणी तुमचा शब्द या घरात कधी एवढा चालला होता का हो? तुम्ही आणून ठेवलेलं आंब्याचं रोप अंगणात वाळून गेलं, पण कुणी खड्डा खणला नाही. आणि आता फोटोत जाऊन बसलात तर तुमचं प्रत्येक वाक्य दगडावरची रेघ.

खरं काय झालं होतं ते तुम्हाला तरी आठवतंय ना? की सांगून सांगून तुम्हालाच ते खरं वाटायला लागलं होतं?

मी नववीत होते. बोहाडा जवळ आला होता. चैत्रात गावदेवीसमोर देवादैत्यांची सोंगं नाचायची आणि त्या सगळ्या सोंगांचे मुखवटे तुमच्या हातचे, कारण आसपासच्या गावांत मुखवटे करणारं घर आपलं एकच. नेमका त्याच वेळी नरसिंहाचं सोंग घेणाऱ्या गंगारामकाकांच्या माळ्यावर ठेवलेला मुखवटा वाळवीने खाल्ला. काकांनी तो खाली काढला तर जबडा भुसा होऊन त्यांच्या हातात आला. आणि तुमचा उजवा हात? विहिरीवर घसरून पडलात म्हणून कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये!

मुखवट्याला बाईने हात लावायचा नाही ही आपल्या गावची रीत. बाईने माती मळून द्यावी, चिंचोक्यांची खळ शिजवून द्यावी, पण तोंड पुरुषाने करायचं. असं का, ते विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात. तुम्ही मला मागच्या पडवीत बसवलंत, दाराला गोणपाट लावलंत आणि म्हणालात, "नंदे, मी बोलतो तसा हात चालव. आनि बाहेर कोणाला बोलू नको."

सुरुवातीला तुम्ही सारखे बोलत होतात. इथे दाब, तिथे उचल, भुवई चढव. मग हळूहळू बोलायचे थांबलात आणि नुसते बघत बसलात. मातीचं तोंड झालं, त्यावर मी राख चाळली, म्हणजे कागद मातीला चिकटत नाही. मग खळीत भिजवलेला कागद, त्यावर फडकं, परत कागद. सुकल्यावर आतली माती कोरून काढली आणि नरसिंह हातात आला. हलका, आणि असा चिडलेला की मीच दचकले. आज मी तशीच दिसत असणार.

गंगारामकाकांचं नाक कबड्डीत मोडलेलं. जुना मुखवटा त्यांच्या नाकाच्या हाडावर घासायचा, दर बोहाड्यानंतर तिथे जखम. मी विचारलं, "दादा, आतून गादी लावली तर?" तुम्ही म्हणालात, लाव. मग मी माझा शाळेचा जुना निळा स्कर्ट फाडला, त्याच्या चुण्या तशाच दुमडून गादी शिवली आणि कपाळावर, गालांवर बसवली. नाकाला मोकळी जागा ठेवली. काकांच्या तोंडाची मापं तुम्हीच डाव्या हाताने सुतळी लावून आणलीत. त्यांना काय थाप मारलीत ते देव जाणे.

आपल्याकडे सोंग माळावर उतरलं की पुकारा होतो. सोंग कोणतं, नाचणार कोण, तोंड कोणाच्या हातचं. त्या वर्षी वाजंत्री थांबली आणि पुकारा झाला, "तोंड केलं धोंडूदादानं, डाव्या हातानं!" शिट्ट्यांवर शिट्ट्या! तुम्ही उठून हात जोडलेत. मी बायकांत बसले होते. आईने माझ्या मांडीला असा चिमटा काढला की दुसऱ्या दिवशी निळं पडलं होतं.

त्या वर्षीचं खोटं मी तुम्हाला माफ केलं होतं. खरं सांगितलं असतं तर मुखवटा बाद झाला असता आणि नरसिंहाशिवाय बोहाडा गेला असता. शिवाय माझ्या हातचं तोंड माळावर नाचत होतं. पंधरा वर्षांच्या मुलीला आणखी काय लागतं!

पण नंतरचं खोटं कशाला बोललात? त्याची काय गरज होती?

बारावी झाली, मी म्हटलं मला कृत्रिम हातपाय बनवायचं शिकायचंय, त्याची पदवी असते, मुंबईला राहावं लागेल. काका-मामांनी तोंडं वाकडी केली. पोरीला एकटीला मुंबईला? मग तुम्ही सभेत उभं राहिल्यासारखे उभे राहिलात आणि म्हणालात, "माजी पोर अभ्यासाची हाय. तिला दुसरा कसला नाद नाय. मातीला हातसुद्धा लावत नाय ती." ही थाप लागू पडली. इतकी छान लागू पडली की पुढे प्रत्येक हळदीत, प्रत्येक बारशात तुम्ही तीच सांगत सुटलात.

मुलाला चार गोष्टी येत असल्या तर तो हरहुन्नरी. मुलीला दोन आल्या की तिचं चित्त थाऱ्यावर नाही! हे तुम्हाला माहीत होतं म्हणून तुम्ही माझ्यातली अर्धी नंदा गोणपाटामागे ठेवलीत आणि अर्धीच लोकांना दाखवलीत. बरं, सुट्टीला आले की पहिल्याच सकाळी खळीचं भांडं माझ्यापुढे सरकवणारे कोण होते? गणपतीची सोंड कुणी बदलली? रावणाची मधली तोंडं कुणाची? तुमची नजर अधू झाल्यावर तर डोळे रंगवायचं काम सगळं माझंच होतं.

आणि मी या शिक्षणाकडे वळले कशामुळे? नाद सोडल्यामुळे? मुरबाडला तुमच्या हाताचं प्लास्टर कापलं तेव्हा मी डॉक्टरांकडे ते रिकामं टरफल मागितलं होतं. आठवतं? त्यात आतून तुमचा हात जसाच्या तसा होता, मनगटाच्या हाडाचा खळगासुद्धा. डॉक्टर हसले, "काय करणार याचं?" तुम्ही म्हणालात, "तिला असल्या वस्तू लागतात." म्हणजे तुम्हाला कळत होतं! मुखवट्याच्या आतल्या बाजूकडे बघायची सवय नसती तर ते टरफल मी मागितलं असतं का? मला माणसाच्या अंगाला बरोबर बसणारी वस्तू बनवायची होती. ती आधी तोंडाला बसवली, मग पायाला. यात सोडलं काय मी?

गंगारामकाकांचा पाय साखरेने गेला, गुडघ्याखाली कापावा लागला, तेव्हा तुम्हीच त्यांना कल्याणला आमच्या केंद्रात घेऊन आलात. मी त्यांच्या उरलेल्या पायावर प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या गुंडाळत होते, कुठे हाड टोचेल, कुठे मांस भार घेईल ते अंगठ्याने दाबून बघत होते. तुम्ही स्टुलावर बसून बघत होतात. अगदी पडवीत बसायचात तसे, गप्प. मग साचा ओतायच्या वेळी हळूच विचारलंत, "राख टाकलीस काय?"

मला इतकं हसू आलं! म्हटलं, दादा, इथे राख नसते, इथे साबणाचं पाणी लावतात. तुम्ही म्हणालात, "एकच ते." दादा, त्या क्षणी मला वाटलं, चला, यांना पटलं, आता हे गावात खरं सांगतील. आणि तुम्ही काय केलंत? संध्याकाळी एसटीत कंडक्टरला सांगितलंत, पोरीनं सगळं सोडलं तेव्हा कुठं हे दिवस आले! काकांनीच मला नंतर सांगितलं. डोकं आपटून घ्यावं की नाही माणसाने?

तुमची थाप माझ्या मागेमागे कुठपर्यंत गेली ते ऐका. किन्हवलीकडच्या एका शाळेत मला बोलावलं होतं. मुलींनी विज्ञानाकडे वळावं म्हणून कार्यक्रम. मुख्याध्यापकांनी ओळख करून दिली, "सर्व छंद बाजूला सारून यांनी हे यश मिळवलं." कुणी सांगितलं त्यांना? आत्याच्या जावयाने! मी उठले आणि म्हटलं, मुलींनो, मी काहीही बाजूला सारलेलं नाही, मला जे लहानपणी करायला आवडायचं त्याचाच आज मला पगार मिळतो. मुली हसल्या, टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, झालं एकदाचं. मग आभार मानायला एक सर उभे राहिले आणि म्हणाले, "सर्व छंद बाजूला सारून आपल्याला वेळ देणाऱ्या ताईंचे आभार." हातात नारळ होता. तो मी कुणाच्या डोक्यात घातला नाही हे माझे संस्कार समजा.

निघताना फाटकापाशी एक मुलगी आली. म्हणाली, "मॅडम, मी गाते. सायन्सला गेल्यावर सोडायला लागतं ना?" मी म्हटलं, मुळीच नाही. ती हो म्हणाली, पण तिने माझ्यावर विश्वास ठेवला नाही, दादा. तिने सरांवर ठेवला. तुमच्यावर ठेवला.

आता समूचं ऐका. ती त्राटिका करतेय. नुसती रंगवलेली नाही, जबडा उघडणारी त्राटिका. वरचं तोंड वेगळं, खालचा जबडा वेगळा, मध्ये बिजागरी आणि जबड्यापासून खाली नाचणाऱ्याच्या मुठीपर्यंत एक तार. मूठ आवळली की तोंड वासतं, सोडली की मिटतं. तिने मला फोनवर व्हिडिओ पाठवला तेव्हा मी कामाच्या टेबलावरून उठूनच उभी राहिले. आमच्याकडचा कृत्रिम हात असाच तर उघडतो! खांद्याला पट्टा, तिथून तार, तार ओढली की पंजा उघडतो. हे तिला कुणी शिकवलं नाही. तिला राक्षसिणीचं तोंड उघडायचं होतं म्हणून तिने ते शोधून काढलं.

अडचण एवढीच की तार तिने मधूच्या मोटरसायकलची घेतली. क्लचची! पहिल्या पाळीला निघालेला सुपरवायझर, गाडी सुरू केली आणि क्लच दाबला तर काहीच नाही. (मला माहितीय, तुम्ही आत्ता हसताय. हसू नका.) त्याने मातीचा साचा उचलला आणि उकिरड्यावर फेकला. जबडा तेवढा आईने कणगीत लपवला म्हणून वाचला. मग मधूने फर्मान काढलं. सायन्सला ॲडमिशन हवी तर हे सगळं बंद. आजोबांनी सांगितलेलं, आत्याने, म्हणजे मी, केलेलं, तसंच करायचं.

आणि तुमची नात ती तुमचीच! म्हणाली, "मंग मला सायन्स नको." विषय संपला. फॉर्म भरायचा शेवटचा दिवस सोमवार, आणि शनिवारी पाहुण्यांसमोर भाषण झालं तरी पोर तोंडातून शब्द काढेना. अशी हट्टी पोर शास्त्राला मिळाली नाही तर नुकसान कुणाचं, हे मी त्या मुरबाडच्या शहाण्याला कसं समजावू?

पाहुणे गेल्यावर मी मधूला पडवीत नेलं. इथे बसून मी नरसिंह केला, म्हटलं. दहावीनंतरही करत होते, नोकरी लागल्यावरही. तो म्हणाला, "ताई, पोरीसाठी तू खोटं बोलतेस, ते मला समजतं. पन दादा कशाला खोटं बोलंल?" मी आईला हाक मारली. आई, तू सांग. आणि तुमची बायको, दादा! चुलीतली राख ओढत ओढत म्हणते, "मला काय माहीत? मी काय बघाय जात होते?" जिने मला चिमटा काढला ती! मी ओरडलेच. तर म्हणाली, "त्यांनी मला बोलू नको म्हणून सांगितलंय. गेल्या माणसाचा शब्द कसा मोडू?"

तुम्ही तिलाही बांधून गेलात! एखाद्याने किती गाठी मारून जावं?

रविवारी सकाळी मी गंगारामकाकांकडे गेले. म्हटलं, काका, नरसिंह द्या जरा, आत माझ्या स्कर्टचं कापड आहे, ते मधूला दाखवायचंय. मला वाटलं त्यांना धक्का बसेल. तीसेक वर्षं जे तोंड आपण घालून नाचलो ते एका बाईच्या हातचं! मी कसं सांगायचं याची वाटभर तयारी करत गेले होते. काका उठले, पाय चढवला, पट्टा आवळला, फडक्यात बांधलेला मुखवटा काखेत घेतला आणि म्हणाले, "चल. मीच येतो."

ओटीवर मधू चहा पीत होता. समू कोपऱ्यात. काकांनी मुखवटा पालथा घातला आणि मधूच्या मांडीवर ठेवला.

"हे कापड कसलं हाय रे?"

"माज्या जुन्या चड्डीचं," मधू म्हणाला. "दादा बोललेला."

"तुजी चड्डी खाकी व्हती. हे निळं हाय. आनि ह्या चुण्या बघ. चड्डीला चुण्या असतात काय?"

मधूने बोट लावून बघितलं. मग माझ्याकडे, मग आईकडे. आईने वर बघितलंच नाही, पण तिच्याच्याने राहवलंही नाही. "चांगला दोन वर्षं अजून चालला असता तो स्कर्ट," एवढंच पुटपुटली.

"काका, म्हणजे तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"पहिल्याच वर्षाला कळलं. धोंडूनं तोपर्यंत माज्या नाकाची कधी फिकीर केली व्हती काय? आनि मंग तू पाय केलास. हाड कुठं दुखंल ते मी न सांगता तुला कळलं. नंदे, आधी तू माजं तोंड केलंस, मंग पाय. हात एकच हाय. अंगाला लागतं ते मला नाय कळणार?"

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तं तोंड बाद झालं असतं. मला नाचायचं व्हतं. पुकारा करणाऱ्यालापन माहीत व्हतं. समद्यांनाच माहीत हाय गो!"

ऐकलंत? सगळ्यांनाच माहीत होतं! तुम्ही गोणपाट लावून बसलात, आईने चिमटे काढले, मी तोंड शिवून घेतलं, आणि गाव आपलं समजून उमजून शिट्ट्या मारत होतं. इतकी वर्षं आपण लपवत कुणापासून होतो?

एकापासून. तो माझ्यासमोर मांडीवर नरसिंह घेऊन बसला होता.

मला वाटलं मधू चिडेल. तो त्या चुण्यांवरून बोट फिरवत राहिला आणि अगदी लहानपणच्या आवाजात म्हणाला, "ताई, मी ढोलकी सोडली."

मला आधी कळलंच नाही.

"नववीत असताना. दादा बोलला, नंदानं नाद सोडला तं बघ कुठं गेली, तूपन सोड. मी ढोलकी भजनवाल्यांना देऊन टाकली. तुज्यासारखं व्हायचं व्हतं मला. मी सोडली, आनि तू सोडलंच नव्हतं?"

दादा, आपण सगळे तेव्हा काय करत होतो? सांगा ना! गणपतीत गौरीच्या नाचाला मधूची ढोलकी लागली की आत्या काठी टाकून उठायची. तो पोरगा एक दिवस वाजवायचा थांबला आणि आपल्यातल्या एकानेही का म्हणून विचारलं नाही. मला वाटलं मोठा झाला. तो मोठा झाला नव्हता, तो तुमची गोष्ट खरी मानून बसला होता. म्हणून समूचा साचा त्याने एवढ्या जोराने फेकला. क्लचच्या तारेसाठी कुणी एवढं चिडतं का?

"मंग दादा खोटा?" त्याने विचारलं.

मी तुमच्यावर इतकी चिडलेली असूनही माझ्याच्याने हो म्हणवलं नाही. म्हटलं, दादा घाबरट होते. माझ्यासाठी घाबरले आणि मग ते घाबरणं सगळ्यांना वाटत सुटले. तुमचा राग येतो तो याचाच. वाळवीने जबडा खाल्लेला मुखवटा नवा करायची हिंमत होती तुमच्यात, मोडक्या हाताने! आणि तोंड उघडून एक वाक्य बोलायची नव्हती?

समू उठली, कणगीतून तो जबडा घेऊन आली आणि बापाच्या हातात दिला. मूठ आवळून दाखवा म्हणाली. त्याने आवळली. त्राटिकेचा जबडा उघडला. मिटला. त्याने परत उघडला. सुपरवायझर चांगला घटकाभर राक्षसिणीचं तोंड उघडत-मिटत बसला होता, दादा. मग जबडा खाली ठेवला आणि उठून अंघोळीला गेला. हो नाही, की नाही नाही.

आज सोमवार. सकाळी मी उठले तर कुणाच्या तरी जुन्या तारेवर कशीबशी चालणारी मोटरसायकल अंगणात नव्हती आणि समूही नव्हती. आई म्हणाली, मुरबाडला गेलीत दोघं. कशाला, ते तिला नेहमीप्रमाणे माहीत नाही. मी एक रजा वाढवली आणि ओटीवर बसून हे लिहायला घेतलं, कारण नुसतं बसले असते तर आईशी भांडले असते.

वरच्या ओळी लिहितानाच समूचा फोन आला. सायन्स मिळालं. फॉर्ममध्ये छंदही विचारला होता. ती बापाकडे बघत थांबली, तर तो म्हणाला, "बघतेस काय, लिही, मुखवटे." मी विचारलं, मग आता कुठे अडकलात? म्हणाली, "पप्पा स्पेअर पार्टच्या दुकानात हायत, आत्या. क्लचची वायर घेतायत. दोन."

दोन, दादा! एक गाडीला, एक त्राटिकेला! ऐकलंत ना? आई विचारायला लागली काय झालं गो, रडतेस कशाला. मी म्हटलं, मी चिडलेय.

आणि अजून चिडलेलीच आहे, म्हणून आता वचन देते ते नीट ऐकून घ्या. येत्या चैत्रात पुकारा खरा होणार. नरसिंह माळावर उतरेल, वाजंत्री थांबेल आणि गाव ऐकेल, की तोंड नंदाच्या हातचं, धोंडूदादाच्या लेकीचं. तुमचं नाव मी गाळणार नाही, घाबरू नका. त्राटिका येईल ती समीक्षाच्या, आपल्या समूच्या हातची. ज्याला चालणार नाही त्याने उठून घरी जावं. त्या किन्हवलीच्या शाळेत मी परत जाणार आहे, न बोलावता, आणि त्या गाणाऱ्या मुलीला शोधून काढणार आहे. भजनवाल्यांकडे जाऊन एक ढोलकी परत मागायची आहे, गणपतीच्या आत. वाजवणाऱ्याला अजून विचारलेलं नाही. पण तो आता दोन तारा घेतो, म्हणजे विचारायला हरकत नाही.

समूने तुमचं खळीचं भांडं घेतलंय. नवा साचा संध्याकाळी घालणार आहोत, पुढच्या ओटीवर, गोणपाट न लावता. तुम्ही विचाराल म्हणून आधीच सांगून ठेवते. राख चाळून ठेवलीय.

तुमची चिडलेली लेक,
नंदा